एकट्यापुरती आंब्याची पाई: कोकणातल्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

पाई फसते ती बहुतेक वेळा पाण्यामुळे. फळाने सोडलेलं पाणी तळाला मुरतं, पिठात जरासं जास्त पडलेलं पाणी पारी चिवट करतं आणि किनाऱ्यावरची दमट हवा दोन्हीत भर घालते. त्यात मे महिन्यात रत्नागिरी-मालवणकडची स्वयंपाकघरं दुपारच्या बरीच आधी तापलेली असतात. बटर ३२ ते ३५ अंशांच्या दरम्यान पूर्ण वितळतं, मऊ तर त्याच्या बरंच आधी पडतं. पाईच्या बहुतेक कृती थंड हवा आणि सफरचंद गृहीत धरून लिहिलेल्या असतात. त्या जशाच्या तशा इथे केल्या की पीठ लाटतानाच हाताला चिकटू लागतं. खालची मापं आणि कामाचा क्रम आपल्या हवेला धरून दिला आहे.

छोटी पाई करताना मोठ्या पाईची मापं नुसती भागून चालत नाही. लहान भांड्यात पारी चाळीसेक मिनिटांत भाजून होते. तेवढ्या वेळात फळाचा रस आटून दाट होईलच असं नाही. म्हणून रस भट्टीत जाण्याआधीच गॅसवर दाट करून घ्यायचा. बाकी काही थोडंफार चुकलं तरी चालेल, पण ही पायरी गाळू नका.

भांडं

वरच्या कडेला १० सेंटीमीटर रुंद आणि अडीच सेंटीमीटर खोल असं पसरट भांडं हवं. बेकरीचं सामान मिळतं तिथे ॲल्युमिनियमचे छोटे साचे असतात, ते सगळ्यात चांगले. ॲल्युमिनियम पटकन तापतं, त्यामुळे तळाची पारी ओली राहत नाही. घरातली स्टीलची पसरट वाटीही चालते, मात्र भाजायला पाचेक मिनिटं जास्त धरा. काचेच्या भांड्यातून तळाचा रंग दिसतो ही सोय खरी. पण फ्रिजमधून काढलेली काच एकदम तापल्या ट्रेवर ठेवली तर तडकू शकते. नवख्यांनी धातूचंच भांडं घ्यावं.

आंबा कोणता घ्यायचा

पूर्ण पिकलेला, सालीला सुरकुती पडू लागलेला हापूस पाईत घालू नका. तो चिरून खावा. भाजल्यावर त्याच्या फोडी विरघळून रस होतो आणि ज्या वासासाठी हापूस घ्यायचा तो वासही बराचसा उडून जातो. पाईला हवा पाडाचा आंबा. आढीत घातलेला, रंग पालटायला लागलेला, देठाजवळ वास येऊ लागलेला, पण दाबल्यावर अजून कडक लागणारा. कापल्यावर गर फिकट पिवळा आणि चव आंबटगोड असते. या आंबटपणामुळे वेगळं लिंबू पिळावं लागत नाही, आणि फोडी भाजल्यावरही फोडीच राहतात. बाजारात मागायचा तर ‘दोन दिवसांनी पिकणारा द्या’ असं सांगा.

साधारण अडीचशे ग्रॅमचा एक आंबा पुरतो. साल आणि बाठा काढून दीडशे ग्रॅमच्या आसपास गर मिळतो. कापल्यावर साका आहे का ते नीट बघा. बाठ्यालगतचा पांढुरका, स्पंजासारखा भुसभुशीत भाग म्हणजे साका. बाहेरून फळ उत्तम दिसत असलं तरी आत तो असू शकतो. त्याला आंबूस वास येतो आणि साखरेने तो झाकला जात नाही. तेवढा भाग कापून टाका. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूसच्या संकरातून काढलेल्या रत्ना आंब्यात साका होत नाही आणि गरही घट्ट असतो, त्यामुळे मिळाला तर पाईसाठी तोच घ्यावा.

पायरी रसाळ असते, ती आमरसालाच बरी. तोतापुरी चालते, पण वास कमी.

साहित्य

पारीसाठी:
मैदा ७५ ग्रॅम
खारं बटर ४५ ग्रॅम, फ्रीजरमध्ये घट्ट झालेलं
साखर १ चहाचा चमचा
बर्फाचं पाणी ४ ते ५ चहाचे चमचे

सारणासाठी:
पाडाच्या आंब्याच्या फोडी १५० ग्रॅम
साखर २० ग्रॅम (४ चहाचे चमचे)
कॉर्नफ्लोअर २ सपाट चहाचे चमचे
वेलदोड्याची पूड किंवा किसलेलं जायफळ, चिमूटभर
आंब्याच्या साठाचा (वाळवलेल्या आंबापोळीचा) रुपयापेक्षा मोठा, भांड्याच्या तळात मावेल असा गोल तुकडा

वरून लावायला थोडं दूध आणि अर्धा चमचा साखर.

इथे चमचा म्हणजे ५ मिलिलिटरचा मापाचा चमचा. मैदा मात्र शक्यतो वजनकाट्यावरच घ्या. वाटी दाबून भरली की सैल, यावर इतक्या कमी मापात सगळं बिघडू शकतं. बटर खारं असेल तर पिठात मीठ घालायचं नाही.

घरचं ताजं लोणी वापरायचा मोह होतो, पण त्यात ताकाचा अंश आणि पाणी जास्त असतं, त्यामुळे पीठ सैल पडतं. साजूक तुपाची पारी होते. तूप ३५ ते ३८ ग्रॅम पुरे, कारण बटरमध्ये स्निग्धांश साधारण ८० टक्केच असतो आणि तूप जवळजवळ सगळं स्निग्धच. तेही फ्रिजमध्ये थिजवूनच घ्या. तुपाची पारी खुसखुशीत होते, पदर मात्र सुटत नाहीत.

पीठ

हे काम सकाळी, ऊन चढायच्या आत उरका. परात, किसणी आणि मोजलेला मैदा आधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. किसणीच्या मोठ्या भोकांवर बटर थेट मैद्यात किसा. दर थोड्या वेळाने किसावर मैदा भुरभुरवत राहा म्हणजे गोळा होणार नाही. मग साखर घालून बोटांच्या टोकांनी हलकंच चोळा. तळवा लावू नका, तळव्याची ऊब जास्त असते. बटर पूर्ण मिसळून जाता कामा नये. पिठात त्याचे जाड्या पोह्यांएवढे तुकडे दिसत राहिले पाहिजेत. भट्टीत हे तुकडे वितळतात, त्यांच्या जागी पोकळी राहते, आतल्या पाण्याची वाफ होऊन ती पोकळी उचलली जाते आणि पदर सुटतात. बटर आधीच वितळून मैद्यात जिरलं तर पदर नाहीत, उरते ती कडक पुरी.

आता बर्फाचं पाणी. आधी तीनच चमचे शिंपडा आणि काट्याने हलवा. चौथा चमचा थेंबाथेंबाने घाला. मूठ दाबली की मुटका वळला पाहिजे आणि तो मोडताना किंचित भुगा पडला पाहिजे. तेवढं झालं की थांबा. पावसाळ्यात मैदा डब्यातच ओलावा धरतो, तेव्हा बहुधा तीन-साडेतीन चमच्यांत काम होतं.

चपातीची कणीक मळायची सवय इथे आड येते. मळलं की मैद्यातलं ग्लुटेन ताणलं जातं आणि पारी भाजताना आकसते. नुसतं गोळा करून दाबा. दोन तृतीयांश आणि एक तृतीयांश असे दोन भाग करून चपट्या चकत्या करा. धुऊन कोरड्या केलेल्या दुधाच्या पिशवीत त्या घट्ट गुंडाळून किमान पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवा. दोन तास ठेवल्या तर आणखी बरं. गुंडाळी घट्ट हवी, कारण दमट हवेत थंड पीठ उघडं राहिलं की त्यावर लगेच दव धरतं आणि तेवढ्या पाण्यानेही पृष्ठभाग चिकट होतो.

सारण

पीठ फ्रिजमध्ये असताना आंब्याच्या दीड सेंटीमीटरच्या फोडी करा. त्यांना सगळी साखर लावून चाळणीत घाला, खाली वाटी ठेवा आणि वीस मिनिटं थांबा. साखर फोडींतलं पाणी ओढून घेते आणि वाटीत रस जमतो. हा रस अंदाजे सहा चहाचे चमचे हवा. कमी भरला तर साधं पाणी घालून तेवढा करा.

गार रसात कॉर्नफ्लोअर गुठळ्या न ठेवता कालवा, मगच कढल्यात घालून मंद गॅसवर ठेवा. गरम रसात कोरडं कॉर्नफ्लोअर टाकलं तर त्याच्या गोळ्या होतात आणि त्या मोडत नाहीत. सतत हलवत राहा. पांढुरका रस आधी घट्ट होतो, नंतर त्याला पारदर्शक चकाकी येते. चकाकी आल्यावर अर्धा मिनिट शिजवून उतरवा. चकाकी येण्याआधी उतरवलं तर कच्च्या पिठाची चव राहते आणि दाटपणाही टिकत नाही. फार वेळ उकळत ठेवलं तर आंबट रसात कॉर्नफ्लोअरचा दाटपणा पुन्हा मोडतो.

मिश्रण आता जरुरीपेक्षा घट्ट वाटेल. ते तसंच हवं, कारण फोडींमधलं उरलेलं पाणी भट्टीत सुटणार आहे. त्यात फोडी आणि वेलदोडा किंवा जायफळ घालून हलकेच मिसळा आणि पूर्ण गार होऊ द्या. कोमट सारणसुद्धा खालच्या पारीतलं बटर भाजण्याआधीच वितळवतं. गार करायला फ्रिजमध्ये ठेवलं तरी चालेल.

लाटणं आणि भरणं

ओव्हन आता लावा: २०० अंश, वरच्या-खालच्या दोन्ही कांड्या, आत मधल्याच्या खालच्या खाचेत रिकामा ट्रे. निदान पंधरा मिनिटं तापू द्या. भांडं पुढे या तापलेल्या ट्रेवरच ठेवायचं आहे, म्हणजे तळाला सुरुवातीलाच जोरदार उष्णता मिळेल.

लाटायला कडप्प्याचा ओटा असेल तर उत्तम, तो गार असतो. पोळपाट असेल तर तोही थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवा. मोठी चकती बाहेर काढून दोन-तीन मिनिटं थांबा, नाहीतर लाटताना कडा फाटतात. कापून उलगडलेल्या दुधाच्या दोन पिशव्यांमध्ये ठेवून मधून बाहेर लाटा आणि दर दोन लाटण्यांनंतर पारी पाव फेरा फिरवा. जाडी ३ मिलिमीटर आणि व्यास १६ सेंटीमीटर हवा. मध्येच बटर चकाकायला लागलं किंवा पीठ पिशवीला धरायला लागलं तर वाद घालू नका, तशीच उचलून दहा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा. आपल्याकडे मे महिन्यात असं एकदा तरी करावं लागतंच.

भांड्याला बटरचा हात लावा. पारी त्यात सोडा आणि कडेची पारी उचलून धरत आत बसवा. ओढून ताणून बसवली तर ती भाजताना आपल्या मूळ जागी परत जाते आणि कडा खाली घसरतात. तळाला साठाचा तुकडा अंथरा. साठ सुकलेलं असल्यामुळे सारणातला जादा रस पिऊन घेतं आणि पारीपर्यंत पोचू देत नाही, शिवाय आंब्याची चवही दाट करतं. साठ नसेल तर दोन चमचे कोरडा भाजलेला बारीक रवा पसरा.

सारण भरा, काठापर्यंतच. डोंगर करू नका, रस बाहेर येऊन ट्रेवर जळतो. दुसरी चकती लाटून वर ठेवा, कडांना आतून पाण्याचं बोट लावून दाबा. बाहेर लोंबणारी पारी कात्रीने एक सेंटीमीटर ठेवून कापा, खाली दुमडा आणि काट्याने दाबा. करंजीची मुरड येत असेल तर तीच घाला, ती काट्याच्या खुणांपेक्षा घट्ट बसते. वर मध्यभागी दोन-अडीच सेंटीमीटरच्या तीन चिरा द्या. वाफेला वाट नसेल तर ती कड फोडून बाहेर येते.

सगळी पाई दहा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा. भाजायला घालण्याच्या क्षणीच दुधाचा हात लावून साखर भुरभुरवा.

भाजणं

२०० अंशांवर २० मिनिटं, मग १८० अंशांवर आणखी २० ते २५. घरगुती ओटीजींचा आकडा आणि आतली खरी उष्णता यांत फरक असतो, म्हणून घड्याळापेक्षा डोळ्यांवर भरवसा ठेवा. वरची पारी बदामी झाली म्हणजे पाई झाली असं समजून बरेच जण बाहेर काढतात आणि तळ कच्चा निघतो. चिरांमधून रस बुडबुडताना दिसला पाहिजे, आणि ते बुडबुडे सावकाश, जड फुटले पाहिजेत. पातळ, भराभर फुटणारे बुडबुडे म्हणजे अजून पाच मिनिटं. वरचा भाग आधीच गडद होत असेल तर फॉइलचा तुकडा नुसता वर टाका.

वळवाच्या आधी वीज जायचे दिवस असतात. भाजताना गेली तर दार उघडू नका. ओव्हनमधली ऊब दहा-बारा मिनिटं बऱ्यापैकी टिकते. त्याहून उशीर झाला आणि पाई अर्ध्याच्या पुढे गेली असेल तर खालच्या कढईच्या पद्धतीने पुरी करा.

बाहेर काढल्यावर तासभर हात लावू नका. कॉर्नफ्लोअरचा दाटपणा गार होतानाच बसतो. गरम कापली तर सारण ताटलीभर पसरतं आणि केलेली सगळी मेहनत पातळ दिसते.

ओव्हन नसेल तर

जाड लोखंडी कढईत दीड सेंटीमीटर जाडं मीठ पसरा, वर स्टीलची रिंग ठेवा, घट्ट झाकण घालून मध्यम गॅसवर १२ मिनिटं तापवा. मग भांडं रिंगवर ठेवून झाकून ४५ ते ५० मिनिटं मंद-मध्यम आचेवर भाजा. यासाठी कुकर वापरू नका, कोरडा तापवल्याने त्याचं बूड बिघडू शकतं. कढईत तळ सुरेख भाजला जातो, वरचा भाग मात्र पांढरा राहतो, कारण उष्णता फक्त खालून येते आणि झाकणाखाली वाफ कोंडते. झाकणाला आतून फडकं बांधा म्हणजे थेंब पाईवर पडणार नाहीत, पण त्याची टोकं वर घेऊन झाकणावरच गाठ मारा, आचेजवळ लोंबू देऊ नका. घरी चूल असेल तर धोंडस (काकडीचा गोड केक) भाजताना देतात तसा खाली-वर विस्तव द्या. झाकणावर पसरलेले निखारे शेवटच्या पंधरा मिनिटांत वरची पारी छान तांबूस करतात. निखाऱ्यांचं काम मोकळ्या हवेत किंवा धूर जायला वाट असलेल्या चुलीवरच, बंद स्वयंपाकघरात नाही. निखारे ठेवायचे तर झाकणाला फडकं बांधायचं नाही, हेही लक्षात असू द्या.

काही बिनसलं तर

तळ ओला राहिला: सारण कोमट होतं, ट्रे तापलेला नव्हता किंवा आंबा जास्त पिकलेला होता. पाई साच्यातून काढून तापल्या तव्यावर मंद आचेवर चार-पाच मिनिटं ठेवली तर बरंच सुधारतं.

पारी कडक झाली: पाणी जास्त पडलं किंवा पीठ मळलं गेलं. यावर आता इलाज नाही, थोडं दाट दूध किंवा साय घालून खा. पुढच्या वेळी एक चमचा पाणी कमी.

पारी खाली घसरली: ताणून बसवली किंवा विश्रांती कमी मिळाली.

कडेने रस फुटला: चिरा लहान होत्या आणि वाफ बाहेर जायला वाट नव्हती.

ठेवणं

पाई त्याच दिवशी खावी. उरलीच तर पूर्ण गार झाल्यावर फ्रिजमध्ये ठेवा. कोमट असताना डब्यात बंद केली की तिचीच वाफ पारी मऊ करते. दुसऱ्या दिवशी १६० अंशांवर दहा मिनिटं किंवा झाकलेल्या तव्यावर मंद आचेवर गरम करा, मायक्रोवेव्हमध्ये नको. गार व्हायला ओट्यावर ठेवाल तेव्हा ताटलीखाली पाण्याचं ताट ठेवा. आंबा आणि साखर म्हटल्यावर मुंग्यांना तासभर पुष्कळ झाला.

आंबा नसताना

कैरीची पाई हापूसच्या पाईहून सरस होते, असं ठामपणे सांगता येईल. कैरी घट्ट असते, आंबट असते, भाजल्यावर आकार धरते. १५० ग्रॅम फोडींना ६० ग्रॅम किसलेला गूळ लागतो. गुळामुळे पाणी जास्त सुटतं, म्हणून फोडी गुळाबरोबर चार मिनिटं शिजवून घ्या, पाक गुळांब्याइतका दाट होऊ देऊ नका, मग कॉर्नफ्लोअर थंड पाण्यात कालवून लावा.

अननस नेहमी आधी परतून त्याचं पाणी आटवा आणि कॉर्नफ्लोअर अर्धा चमचा वाढवा. घोलवडकडचा चिकू पूर्ण पिकलेलाच घ्या, अर्धवट पिकलेल्यात चीक असतो आणि तो टाळ्याला बसतो. चिकूत रस कमी, म्हणून कॉर्नफ्लोअर एकच चमचा, आंबटपणासाठी अर्ध्या लिंबाचा रस हवाच. करवंदं काळी, पिकलेली, अर्धी कापून बिया काढून घ्या आणि साखर ४० ग्रॅम करा. फणसाचे गरे कापा फणसाचेच, बरक्याचे नाहीत. बरक्याचा गर भाजताना लगदा होतो. काप्याच्या गऱ्यांत पाणी इतकं कमी असतं की साखर लावून चाळणीत ठेवायची गरज नाही. बारीक चिरून, दोन चमचे ओलं खोबरं आणि लिंबू घालून थेट भरा.